फट अरुंद, पट्टा रुंद : प्रकाशाचे विवर्तन

अंधाऱ्या खोलीत लाल लेसर पॉइंटर टेबलावर पक्का बसवून त्याचा झोत साधारण दोन मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीवर सोडला, तर तेथे एक लहान, ठसठशीत ठिपका पडतो. या झोताच्या वाटेत दाढीच्या दोन ब्लेडांच्या धारा समोरासमोर आणून त्यांच्यामधली उभी फट हळूहळू आवळत नेली, की आधी अपेक्षेप्रमाणेच घडते : ठिपक्याची डावी-उजवी बाजू छाटली जाते आणि तो बारीक होतो. फट मिलिमीटरच्या एखाद-दोन दशांशांपर्यंत आली की मात्र चित्र पालटते. ठिपका आडवा पसरू लागतो. मध्ये एक तेजस्वी लांबट पट्टा उरतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, काळ्या खंडांनी एकमेकांपासून तोडलेले, फिकट होत जाणारे पट्टे उमटतात. फट आणखी आवळली की हे सारे आणखी रुंदावते. फट उभी असूनही पसरणे आडव्या दिशेने होते, म्हणजे ज्या दिशेने प्रकाशाची कोंडी केली, नेमका त्याच दिशेने तो पसरतो. या घटनेला प्रकाशाचे विवर्तन म्हणतात.

याचे नेहमीचे एका ओळीतले स्पष्टीकरण असे दिले जाते की, अडथळ्याच्या कडेवरून जाताना प्रकाश वळतो. माझ्या मते या वाक्याने जेवढे कळते त्याहून अधिक गैरसमज होतो, कारण ब्लेडची धार प्रकाशावर काही ओढ किंवा दाब टाकते असे त्यातून सुचते. प्रत्यक्षात धार काहीच करत नाही. ती फक्त काही प्रकाश अडवते, आणि अडवलेला प्रकाश वजा झाल्यामुळे उरलेल्या प्रकाशाचा हिशोब बदलतो. हा हिशोब नीट मांडला तर वर वर्णन केलेले सगळे काही, अगदी पट्ट्यांची रुंदी मिलिमीटरमध्ये काढण्यापर्यंत, त्यातून मिळते.

हिशोबाकडे वळण्यापूर्वी प्रयोगाच्या मांडणीबद्दल थोडे सांगणे आवश्यक आहे. फट हाताने धरून स्थिर राहत नाही. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, त्यामुळे दोन ब्लेडांच्या धारांमध्ये असा कागद उभा धरून ब्लेड पुठ्ठ्यातल्या खिडकीवर चिकटपट्टीने बसवावीत आणि मग कागद अलगद काढून घ्यावा. हव्या त्या मापाच्या जवळ जाणारी फट तयार होते. दुसरी पद्धत मला अधिक बोलकी वाटते. ब्लेडांची खालची टोके एकमेकांना टेकवून वरची टोके किंचित फाकवली, की वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी फट मिळते. ही फट झोतासमोर वर-खाली सरकवली तर रुंदी आणि पसरणे यांचे व्यस्त नाते एका हालचालीत दिसते. लेसर १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा असावा, फटीला डोळा लावून लेसरकडे कधीही पाहू नये, आणि ब्लेडच्या चकचकीत पृष्ठभागावरून उसळलेला झोत कोठे जातो याकडे आधीच लक्ष द्यावे.

आता कारण पाहू. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी १६९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात अशी कल्पना मांडली होती की, प्रकाशाच्या तरंगाग्रावरचा, म्हणजे पुढे सरकणाऱ्या लाटेच्या आघाडीच्या कडेवरचा, प्रत्येक बिंदू हा स्वतःच एका नव्या, सर्व बाजूंना पसरणाऱ्या तरंगाचा उगम असतो आणि या सर्व तरंगांच्या एकत्र येण्यातून पुढचे तरंगाग्र बनते. फ्रेंच शास्त्रज्ञ ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८१८ साली या कल्पनेत एक निर्णायक भर घातली : हे तरंग एकमेकांत मिसळताना माथ्यावर माथा आला तर प्रकाश वाढतो, माथ्यावर खळगा आला तर तो नाहीसा होतो. ही भर मान्य केली की प्रश्नाची दिशाच उलटी होते. प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सर्व बाजूंना जात असेल, तर फटीतून गेलेला प्रकाश पसरतो यात नवल नाही. रुंद खिडकीतून आलेला प्रकाश पसरत का नाही, हे सांगावे लागते.

त्याचे उत्तर असे आहे. रुंद उघड्या भागातून तिरक्या दिशेने निघालेल्या प्रत्येक तरंगाला त्याच भागात कोठेतरी एक जोडीदार सापडतो, ज्याचे अंतर बरोबर अर्ध्या तरंगलांबीने (तरंगलांबी म्हणजे तरंगाच्या लगतच्या दोन माथ्यांमधले अंतर) कमी किंवा जास्त असते. हे दोघे एकमेकांना रद्द करतात. सरळ पुढच्या दिशेने मात्र सर्वांचे अंतर सारखे असल्याने सर्व तरंग एकमेकांना बळ देतात. प्रकाश सरळ रेषेत जातो असे आपण म्हणतो ते या जमाखर्चाचे फलित आहे. फट आवळताना आपण यातले पुष्कळसे जोडीदार अडवून टाकतो, आणि जे तरंग आधी रद्द होत होते ते आता शिल्लक राहून भिंतीपर्यंत पोहोचतात.

काळ्या खंडांची जागाही याच रीतीने काढता येते. फटीचे मनातल्या मनात डावा आणि उजवा असे दोन समान भाग करावेत. भिंतीवर अशी जागा शोधावी, जेथे फटीच्या दोन टोकांपासून येणाऱ्या प्रकाशाच्या वाटांमध्ये एका पूर्ण तरंगलांबीचा फरक पडतो. अशा जागी डाव्या टोकाचा तरंग आणि फटीच्या मध्यबिंदूपासूनचा तरंग यांच्यात अर्ध्या तरंगलांबीचा फरक असतो, म्हणून ते एकमेकांना रद्द करतात. डाव्या टोकापासून थोडे आत सरकले आणि मध्यबिंदूपासून तेवढेच पुढे सरकले, तर तीही जोडी रद्द होते. असे करत डाव्या भागातला प्रत्येक बिंदू उजव्या भागातल्या एकेका बिंदूशी जुळून नाहीसा होतो आणि तेथे पूर्ण काळोख राहतो. दोन फटींच्या प्रयोगाची सवय असलेला वाचक येथे हमखास अडखळतो, कारण तेथे एका तरंगलांबीच्या फरकाला प्रकाश मिळतो आणि येथे काळोख. तेथे दोनच उगमांचा हिशोब असतो, येथे टोकापासून टोकापर्यंतच्या अखंड रांगेचा, एवढाच फरक आहे.

पुढे जाऊन टोकांमधला फरक दीड तरंगलांबीचा झाला, तर फटीचे तीन समान भाग करता येतात. त्यांतले दोन एकमेकांना संपवतात आणि तिसरा उरतो. पण त्या तिसऱ्या भागातले तरंगही आपसात पूर्णपणे जुळलेले नसतात. त्यामुळे मधल्या पट्ट्याच्या शेजारच्या पहिल्या पट्ट्याची तीव्रता मधल्याच्या पाच टक्क्यांहूनही किंचित कमी भरते, त्यापुढच्याची सुमारे दीड टक्का. डोळ्यांना हा फरक इतका मोठा वाटत नाही, कारण मंद आणि प्रखर यांच्यातली तफावत आपली दृष्टी बरीच दाबून दाखवते. छायाचित्र घेतल्यास तो स्पष्ट होतो.

आकडे घालून पाहणे येथे फार उपयोगाचे आहे. मध्यापासून पहिल्या काळ्या खंडापर्यंतचे अंतर काढायचे असेल, तर तरंगलांबीला भिंतीपर्यंतच्या अंतराने गुणावे आणि फटीच्या रुंदीने भागावे. लाल लेसरची तरंगलांबी ६५० नॅनोमीटर, भिंत २ मीटरवर आणि फट ०.१ मिलिमीटर धरली, तर हे अंतर १३ मिलिमीटर येते. म्हणजे मधला पट्टा २६ मिलिमीटर रुंद असतो, फटीच्या २६० पट. फट निम्मी केली तर पट्टा ५२ मिलिमीटरचा होतो. त्याच वेळी तो अंधुकही होतो : निम्माच प्रकाश आत येतो आणि तो दुप्पट रुंदीवर विखुरतो, म्हणून मध्यभागाची तीव्रता एक चतुर्थांशावर उतरते. लाल लेसरच्या जागी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर ठेवला, की ०.१ मिलिमीटरच्या फटीचा पट्टा २६ ऐवजी सुमारे २१ मिलिमीटर भरतो. फटीला हात न लावता केवळ रंग बदलून पट्टा आक्रसला, याहून तरंगलांबीचा चांगला पुरावा घरगुती साधनांनी मिळणे कठीण आहे.

मग ही घटना रोज डोळ्यांसमोर का येत नाही? पहिले कारण तरंगलांबीच्या लहानपणाचे आहे. सेकंदाला ३४० कंपने असलेल्या ध्वनीची हवेतली तरंगलांबी सुमारे एक मीटर असते, म्हणजे दरवाजाच्या रुंदीएवढी. म्हणून दाराआडचे बोलणे ऐकू येते आणि बोलणारा दिसत नाही. दुसरे कारण अंतराचे आहे. फटीच्या रुंदीच्या वर्गाला तरंगलांबीने भागले, की पसरणे ठळक होण्यासाठी किती दूर जावे लागेल याचा अंदाज मिळतो. ०.१ मिलिमीटरच्या फटीसाठी हे अंतर जेमतेम दीड सेंटिमीटर आहे, १ मिलिमीटरसाठी दीड मीटर, १ सेंटिमीटरसाठी सुमारे दीडशे मीटर, आणि मीटरभर रुंद खिडकीसाठी पंधराशे किलोमीटर. त्याच्या फार अलीकडे उभे राहिले तर उघड्या भागाच्या आकाराचीच आकृती दिसते, फक्त तिच्या कडेलगत बारीक रेषा उमटलेल्या असतात.

तिसरे कारण सर्वांत कमी सांगितले जाते, आणि प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा त्याच्यामुळेच. प्रकाशाचा उगमही लहान असावा लागतो. सूर्याचे बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्याच्यावरचा प्रत्येक बिंदू फटीमागे आपापली आकृती रेखाटतो, पण प्रत्येकाची दिशा थोडी वेगळी असल्याने या आकृत्या एकमेकींपासून सरकलेल्या असतात. ०.१ मिलिमीटरच्या फटीसाठी मध्यापासून पहिल्या काळ्या खंडापर्यंतचा कोन अर्ध्या अंशाहून कमी, सुमारे ०.३७ अंश असतो. साहजिकच एका बिंदूचा काळा खंड दुसऱ्या बिंदूच्या उजेडाने भरून निघतो आणि उरते ते केवळ कडांवरचे धूसरपण. त्यात पांढऱ्या प्रकाशातल्या प्रत्येक रंगाची आकृती वेगळ्या रुंदीची. लेसर नसताना ज्यांनी हे प्रयोग केले, त्यांना सूर्यप्रकाश आधी एका बारीक छिद्रातून घ्यावा लागे तो याचसाठी. इटलीतील बोलोन्याचे फ्रान्चेस्को ग्रिमाल्दी यांनी अशाच किरणशलाकेत ठेवलेल्या वस्तूंच्या सावल्यांभोवती रंगीत पट्टे पाहिले. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६६५ साली प्रसिद्ध झाले. आजही रात्री पन्नासेक मीटरवरच्या एखाद्या लहान, एकट्या दिव्याकडे डोळ्यासमोर तीच ब्लेडांची फट धरून पाहिले, तर दिव्याच्या दोन्ही बाजूंना पट्टे दिसतात. मधला पट्टा पांढरा आणि त्याच्या बाहेरच्या कडा तांबूस असतात, कारण लाल प्रकाश सर्वांत जास्त पसरतो. लेसरकडे किंवा सूर्याकडे मात्र असे पाहायचे नाही.

फट सोडून बारीक छिद्र घेतले, की कोंडी सर्व बाजूंनी होते आणि पसरणेही सर्व बाजूंनी होते. अॅल्युमिनियमची फॉइल कडक पुठ्ठ्यावर ठेवून सुईचे फक्त टोक टेकवून गोल फिरवावे. सुई आरपार घातली तर छिद्र मोठे आणि फाटके होते. अशा छिद्रातून लेसर सोडल्यावर भिंतीवर एक तेजस्वी गोल चकती आणि तिच्याभोवती एकात एक फिकट वर्तुळे दिसतात. या आकृतीचे गणित जॉर्ज एअरी यांनी १८३५ साली मांडले. फटीच्या सूत्राला येथे १.२२ ने गुणावे लागते, आणि या आकड्याचे कारण ढोबळमानाने समजण्यासारखे आहे. वर्तुळाकार छिद्र मध्यभागीच पूर्ण रुंद असते, वर आणि खाली ते निमुळते होत जाते. त्याची सरासरी रुंदी व्यासापेक्षा कमी असल्याने ते किंचित अरुंद फटीसारखे वागते आणि चकती थोडी मोठी होते. ०.१ मिलिमीटरच्या छिद्रातून २ मीटरवर सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची चकती पडते. आत आलेल्या एकूण प्रकाशापैकी ८४ टक्के प्रकाश या चकतीतच असतो. छिद्र फाटके असेल तर वर्तुळे वेडीवाकडी येतात. चौकोनी असेल तर अधिक चिन्हासारखी आकृती मिळते, आणि त्रिकोणी असेल तर सहा हातांची. फक्त भिंतीवरची आकृती पाहून छिद्राचा आकार ओळखणे हा चांगला विरंगुळा आहे.

फट काढून तिच्या जागी डोक्याचा एक केस ताणून धरला तर काय होईल? पुष्कळांना केसाची सावली अपेक्षित असते. भिंतीवर प्रत्यक्षात दिसते ती जवळजवळ फटीचीच आकृती, मध्यभागी लेसरचा मूळ ठिपका कायम ठेवून. याचे कारण झाक बाबिने यांनी १८३७ साली दाखवून दिले आणि ते आश्चर्यकारक रीतीने सोपे आहे. केस आणि केसाएवढीच फट हे एकमेकांचे पूरक : एकाने जे अडवले तेच दुसऱ्याने सोडले. दोन्हींतून आलेले तरंग एकत्र केले तर काहीच न अडवलेला झोत मिळायला हवा, आणि तो तर फक्त ठिपक्यापुरताच असतो. म्हणजे ठिपक्याबाहेर सर्वत्र दोन्ही तरंगांची बेरीज शून्य आहे. त्यासाठी ते आकाराने सारखे आणि चिन्हाने विरुद्ध असलेच पाहिजेत, आणि भिंतीवरच्या तीव्रतेला चिन्ह कळत नाही. याचा उपयोग असा की, तेच सूत्र उलटे वापरून केसाची जाडी मोजता येते. वरच्याच मांडणीत पहिला काळा खंड मध्यापासून २० मिलिमीटरवर आला, तर केस ०.०६५ मिलिमीटर जाड आहे. एकच अंतर मोजण्यापेक्षा डावीकडच्या चौथ्या काळ्या खंडापासून उजवीकडच्या चौथ्यापर्यंत मोजून आठने भागणे केव्हाही चांगले.

अडथळ्याने निर्माण केलेल्या आकृत्यांमध्ये सर्वांत गाजलेली मात्र वेगळीच आहे. फ्रेनेल यांचा प्रबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी आला तेव्हा परीक्षकांपैकी सिमेओं पॉयसाँ यांना तरंगसिद्धांत मान्य नव्हता. त्यांनी फ्रेनेल यांचेच गणित पुढे नेऊन दाखवले की, ते खरे असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या ऐन मध्यावर उजेड पडला पाहिजे, कारण चकतीच्या परिघावरच्या सर्व बिंदूंपासून ती जागा सारख्याच अंतरावर आहे. हा आक्षेप म्हणून मांडला होता. परीक्षकांपैकीच फ्रांस्वा आरागो यांनी २ मिलिमीटर व्यासाची धातूची चकती घेऊन प्रयोग केला आणि तो ठिपका जागेवर सापडला. १८१९ साली पारितोषिक फ्रेनेल यांना मिळाले. आज हा प्रयोग करायचा असेल तर भिंगाने पसरवलेल्या लेसरच्या झोतात काचेवर चिकटवलेली तीन-चार मिलिमीटरची पोलादी गोळी पुरते.

छिद्राचे हे वागणे प्रतिमा तयार करणाऱ्या प्रत्येक साधनाला येऊन भिडते. भिंगाऐवजी बारीक छिद्र असलेल्या सूचिछिद्र कॅमेऱ्यात छिद्र जितके लहान तितकी प्रतिमा रेखीव, असे आधी घडते. पण एका मर्यादेनंतर विवर्तनामुळे ती पुन्हा धूसर होऊ लागते. पडदा छिद्रापासून १० सेंटिमीटरवर असेल, तर सर्वांत स्पष्ट प्रतिमा सुमारे ०.४५ मिलिमीटरच्या छिद्राने मिळते. डोळ्याची बाहुली अडीच मिलिमीटर धरली, तर हिरव्या प्रकाशासाठी विवर्तनाची मर्यादा अंशाच्या सुमारे साठाव्या भागाएवढी येते, आणि निरोगी डोळ्याची भेद ओळखण्याची क्षमता साधारण तेवढीच असते. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा हीच मर्यादा अंश-सेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) सुमारे विसाव्या भागावर आणतो. कॅमेऱ्यात पुढचे-मागचे सारे स्पष्ट यावे म्हणून एफ २२ पर्यंत, म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतराच्या बाविसाव्या भागाएवढे होईपर्यंत, छिद्र बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, तेव्हा प्रत्येक बिंदूची चकती सुमारे ३० मायक्रोमीटरची होते, तर संवेदकाचे एकेक बिंदुघर (पिक्सेल) अनेकदा ५ मायक्रोमीटरच्या आसपास असते.

भिंग कितीही निर्दोष घासले तरी ही मर्यादा हटत नाही. नेहमीच्या साधनांत तिच्यावर दोनच उपाय चालतात : प्रकाश आत घेणारा भाग मोठा करणे किंवा तरंगलांबी कमी करणे. सीडी वाचणारा लेसर ७८० नॅनोमीटरचा होता, डीव्हीडीसाठी तो ६५० चा झाला आणि ब्लू-रेसाठी ४०५ चा. दर वेळी त्याचा ठिपका अधिक बारीक झाला आणि तेवढ्याच आकाराच्या तबकडीवर अधिक माहिती मावली. संगणकाच्या चिपवरची सूक्ष्म रेखाटने छापणारी यंत्रे याच वाटेने १९३ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावरून १३.५ नॅनोमीटरवर आली आहेत, आणि ही तरंगलांबी काच व हवा दोन्ही शोषून घेत असल्याने त्या यंत्रांमध्ये भिंगांऐवजी आरसे वापरावे लागतात, तेही निर्वातात.